विश्लेषण : मजुरीचा दर समान, तरी महिलांच्या हातात कमी पैसे का? ‘कोयत्या’पासून आयटी प्रोजेक्टपर्यंत एकच गणित

समान कामाला समान वेतन हे तत्त्व आपल्या राज्यघटनेत पहिल्यापासून आहे. अनुच्छेद ३९ (ड) मध्ये ते राज्याच्या धोरणाचे मार्गदर्शक तत्त्व म्हणून लिहिले आहे. १९७६ मध्ये त्यासाठी समान वेतन कायदा आला. आता तो कायदा वेतन संहितेत विलीन झाला असून २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही संहिता लागू झाली आहे. म्हणजे कायद्याची कमतरता कधीच नव्हती. तरीही आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात महिलांची सरासरी कमाई पुरुषांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी आहे.

ही तफावत नेमकी कुठे तयार होते? दर ठरवताना, की काम वाटताना आणि मोजताना? अलीकडचे संशोधन दुसऱ्या उत्तराकडे बोट दाखवते. कामाचे तुकडे कसे पाडले, कोणता तुकडा कोणाला दिला, मोजमाप कशाचे केले आणि एकाच्या जागी दुसरा माणूस उभा करता येतो का, यावर पगाराचा आकडा ठरतो. कंपन्यांच्या भाषेत याला ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट’ म्हणतात. पंढरपूरच्या उसाच्या फडात त्याला कोणी असे नाव देत नाही, पण तिथेही तेच चालते.

‘कोयता’ म्हणजे किती माणसे?

ऊसतोडीच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणजे नवरा आणि बायको. एकटा माणूस आला तर तो ‘अर्धा कोयता’. हंगामाआधी मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, म्हणजे जोडप्यावर. व्यवहार बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर होतो. पुढे हंगामभर टनावर जी मजुरी होते, ती या उचलीतून वळती होत जाते.

सोलापूर हा राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. पंढरपूर तालुका आणि आसपासच्या कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर, सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातून टोळ्या येऊन गावाबाहेर कोप्या टाकतात. फडात दोघेही राबतात. ऊस तोडणे, पाचट काढणे, मोळी बांधणे, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवणे, यातले बरेचसे काम बाईच्या वाट्याला येते. वाढे बांधून विकण्याचे कामही बहुधा तिचेच.

जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटनांमध्ये तडजोड होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. टनाला २७३ रुपयांवरून दर ३६६ रुपयांवर गेला. त्या वेळी बातम्याही ‘ऊसतोड कामगारांना ३४ टक्के दरवाढ’ अशाच आल्या. पण हा दर टनाचा आहे, माणसाचा नाही. समजा, एका जोडप्याने दिवसात दोन टन ऊस तोडून भरला. हिशेब ७३२ रुपये झाला. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत दोघांचे मिळून २४ तास धरले, तर तासाला साडेतीस रुपये पडतात. त्यातले तिचे किती आणि त्याचे किती, हा प्रश्न मुकादमाच्या वहीत येतच नाही, कारण वहीत तिच्यासाठी वेगळा रकाना नसतो.

कायद्याची अडचण इथेच सुरू होते. समान वेतनाचा दावा करायचा तर ‘याला इतके, मला इतके’ असे दोन आकडे समोर ठेवावे लागतात. कोयत्याच्या पद्धतीत दुसरा आकडाच नाही. दर शून्य टक्के भेदभाव करतो, कारण तो माणूस पाहतच नाही. आणि म्हणूनच तिच्या नावावर काही जमा होत नाही. तिचे खाते कोरे राहते आणि अनुभवाची नोंद कुठेच होत नाही. पुढच्या वर्षी उचल किती घ्यायची हे ठरवतानाही तिला विचारले जाईलच असे नाही.

‘खाडा’ कोणाला जास्त महाग पडतो?

या पद्धतीत एकाने दिवस मोडला की पूर्ण कोयता थांबतो. त्याला ‘खाडा’ म्हणतात आणि त्यासाठी दंड कापला जातो. मासिक पाळी, गरोदरपण, आजारी मूल या कारणांनी खाडा होण्याची शक्यता बाईच्याच बाबतीत अधिक. म्हणजे नियम सगळ्यांना सारखा, पण त्याचा फटका एकाच बाजूला.

त्याचे टोक २०१९ मध्ये राज्यासमोर आले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२ हजारांहून अधिक महिलांची माहिती घेतली गेली. त्यापैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. यामागे खासगी डॉक्टरांची भूमिका, बालविवाह, आरोग्यसेवेचा अभाव अशी अनेक कारणे आहेत. पण ‘खाडा परवडत नाही’ हे त्यातले एक मोठे कारण म्हणून पुढे आले. कामाची आखणी करताना सुट्टीला जागाच ठेवली नाही, तर ती जागा शरीरातून काढली जाते, इतका हा विषय गंभीर आहे.

रोजगार हमीत तर समान दर होता. तिथे काय झाले?

समान दराचा सर्वात मोठा प्रयोग महाराष्ट्रानेच केला. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. खडी फोडणे असो की पाझर तलावाचे मातीकाम, बाई आणि बुवा दोघांना एकच दर. शेतात बाईची हजेरी पुरुषापेक्षा कमी धरण्याची रीत असताना सरकारी कामावर सारखा दर मिळणे ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. या कामांवर महिलांची गर्दी असे, त्याचे हे एक कारण.

पण रोहयोची मजुरी हजेरीवर नव्हे, मोजमापावर. इंजिनिअरिंग झालेल्या कोणालाही ‘एमबी’, म्हणजे मोजमाप पुस्तिका ठाऊक असते. किती घनमीटर खोदले, माती कोणत्या प्रकारची, ती किती अंतरावर आणि किती उंचीवर टाकली (याला लीड आणि लिफ्ट म्हणतात), हे मोजून दरसूचीप्रमाणे रक्कम निघते. ती रक्कम गटातल्या हजेरीवर विभागली जाते.

आता दोन गट डोळ्यांसमोर आणा. पहिल्या गटात पुरुष खोदतात आणि बाया पाट्या वाहतात. रक्कम सगळ्यांत सारखी वाटली जाते. दुसरा गट फक्त महिलांचा आहे. गावात एकट्या राहणाऱ्या, विधवा, परित्यक्ता बाया अनेकदा अशाच गटात असतात, कारण जोडप्यांच्या गटात त्यांना कोणी घेत नाही. मुरमाड जमिनीत त्यांचा खड्डा दिवसाअखेर तीन चतुर्थांशच भरला असे समजू. राज्यातील मनरेगाचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. पूर्ण काम भरले तर ३१२, तीन चतुर्थांश भरले तर २३४. दर तोच, घाम तोच, दिवसही तोच. तफावत आली ती दरसूची बनवताना ‘सरासरी मजूर’ म्हणून धडधाकट पुरुष गृहीत धरल्यामुळे.

हे लक्षात आल्यामुळेच मनरेगाच्या अनुसूचीत नंतर सुधारणा झाली. महिला, ज्येष्ठ आणि दिव्यांग यांच्यासाठी वेगळी दरसूची तयार करावी, असे त्यात स्पष्ट लिहिले गेले. ‘समान दर’ या आग्रहातून सुरू झालेला प्रवास ‘वेगळ्या दरसूची’पर्यंत पोहोचला, हे वरवर उलटे वाटते. पण हेतू एकच होता : एका दिवसाच्या प्रामाणिक कामाला एका दिवसाची मजुरी मिळावी. तिथेच आणखी एक तरतूद होती. कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा जास्त मुले असतील तर एका महिलेला ती सांभाळण्याचे काम द्यायचे आणि तिला पूर्ण मजुरी द्यायची. मूल सांभाळणे हे मजुरीचे काम आहे, असे सरकारी कागदावर लिहिलेली ही दुर्मीळ जागा. प्रत्यक्षात ती किती ठिकाणी पाळली गेली, हे कामावर जाऊन पाहिलेल्या कोणालाही विचारा.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा मंजूर केला. ‘व्हीबी-जी राम जी’ या नावाने तो ओळखला जातो. चर्चा दिवसांची आणि केंद्र-राज्य खर्चाच्या वाटणीची झाली. मोजमापाच्या प्रश्नाकडे फारसे कोणी पाहिले नाही. महिलांच्या हातात पडणाऱ्या रकमेसाठी मात्र तो प्रश्न दिवसांइतकाच महत्त्वाचा आहे.

क्लॉडिया गोल्डिन यांनी नेमके काय शोधले?

हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हा पुरस्कार कोणाबरोबर वाटून न घेता मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. अमेरिकेतील २०० वर्षांच्या नोंदी चाळून महिलांची कमाई कशी बदलत गेली, हे त्यांनी दाखवले.

त्यांचा आपल्या विषयाशी संबंधित निष्कर्ष असा : आज शिक्षणात महिला मागे नाहीत, अनेक देशांत त्या पुढे आहेत. सुरुवातीच्या पगारातही फरक थोडा असतो. दरी वाढते ती मूल झाल्यानंतर, आणि तीही एका विशिष्ट प्रकारच्या नोकऱ्यांत जास्त. ज्या नोकऱ्यांत जास्त तास, रात्री-अपरात्री फोन, अचानक प्रवास यांना प्रमाणाबाहेर मोबदला मिळतो, तिथे. अशा कामांना त्या ‘ग्रीडी वर्क’ म्हणतात. आपण ‘हावरे काम’ म्हणू. दुप्पट तास देणाऱ्याला तिथे दुपटीपेक्षा खूप जास्त मिळते. मग घरात दोघांपैकी एक जण हावरे काम धरतो आणि दुसरा लवचीक काम. दुसरा म्हणजे बहुधा दुसरी.

यावर उपाय म्हणून महिलांनी पगारासाठी घासाघीस शिकावी, आत्मविश्वास वाढवावा, असे सल्ले सतत दिले जातात. गोल्डिन यांचा भर वेगळा आहे. त्या म्हणतात, कामाची रचना बदला. आणि ती बदलल्यावर काय होते, याचे उदाहरण त्यांनी लॉरेन्स कॅट्झ यांच्यासोबत औषधविक्रीच्या क्षेत्रातून दिले.

अमेरिकेत १९७० मध्ये फार्मासिस्टांमध्ये महिला दहा टक्क्यांहूनही कमी होत्या आणि पूर्णवेळ काम करणाऱ्या महिला फार्मासिस्टची मध्यम कमाई पुरुषाच्या ६६ टक्के होती. २०१० पर्यंत निम्म्याहून अधिक फार्मासिस्ट महिला झाल्या आणि कमाईचे प्रमाण ९२ टक्क्यांवर गेले. यासाठी कोणते आंदोलन झाले नाही की खास कायदा आला नाही. झाले इतकेच की स्वतःच्या मालकीची छोटी दुकाने कमी झाली, साखळी दुकाने आणि रुग्णालये वाढली. औषधे प्रमाणित झाली. रुग्णाची माहिती संगणकावर आली. पूर्वी ‘आपला नेहमीचा मेडिकलवाला’ असेल तरच तुमच्या आईची गोळी कोणती ते कळायचे. आता काउंटरवर कोणीही असले तरी चालते. एका फार्मासिस्टच्या जागी दुसरा सहज उभा राहू शकतो म्हटल्यावर जास्त तास थांबणाऱ्याला खास बक्षीस द्यायची गरज उरली नाही. तासाला तास पगार. कमी तास काम केले तर पगार कमी, पण तासाचा दर तोच.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारे उदाहरण एसटीचे आहे. पंढरपूर आगारातून सुटणाऱ्या गाडीवर कंडक्टर बाई आहे की बुवा, याने वेतनश्रेणी बदलत नाही. काम प्रमाणित आहे, तिकीट मशिन आहे, एकीची ड्युटी दुसऱ्याला देता येते. फरक पडतो तो वरकड कमाईत, म्हणजे ओव्हरटाइम आणि मुक्कामाच्या ड्युटीत. आणि त्या ठरतात ड्युटी चार्टवर.

आयटीत, बांधकामात ही दरी कशी तयार होते?

पंढरपूर परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी मोठ्या संख्येने मुली बाहेर पडतात. कॅम्पसमध्ये निवड होते तेव्हा पॅकेज मुलगा-मुलगी पाहून ठरत नाही. एका कंपनीत, एकाच बॅचला, एकच आकडा. मग पाच-सात वर्षांनी फरक कुठून येतो?

उत्तर प्रोजेक्टच्या आखणीत आहे. प्रत्येक प्रकल्पात एक ‘क्रिटिकल पाथ’ असतो, म्हणजे ज्या कामांना उशीर झाला तर सगळा प्रकल्पच लांबतो अशा कामांची साखळी. ही पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीच्या कामांतून आली आणि आज सिव्हिलपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळ्या शाखांत शिकवली जाते. या साखळीवर जो असतो, तो व्यवस्थापनाच्या नजरेत असतो. क्लायंटशी बोलणे, गो-लाइव्हच्या रात्री थांबणे, साइटवर स्लॅब पडताना हजर असणे ही त्या साखळीवरची कामे. मिनिट्स लिहिणे, कागदपत्रे जुळवणे, नव्यांना शिकवणे, टीमचा समन्वय ही साखळीबाहेरची. प्रकल्प दोन्हींशिवाय पूर्ण होत नाही, पण अप्रेझलमध्ये पहिल्या प्रकारचे नाव येते.

अमेरिकेतील लिंडा बॅबकॉक, लिस वेस्टरलुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच गोष्ट प्रयोगांतून दाखवली. ज्या कामाने बढती मिळत नाही, पण कोणीतरी करायलाच हवे, असे काम महिलांना जास्त वेळा सांगितले जाते आणि त्या ते स्वीकारण्याचे प्रमाणही जास्त असते. फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये हार्डवेअर कोण जोडायचे आणि रिपोर्टचे स्पायरल बाइंडिंग कोण करून आणायचे, हे आठवून पाहा. नोकरीत फार काही वेगळे घडत नाही.

त्यात बाळंतपणाच्या रजेची भर पडते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. ती योग्यच आहे. पण रजेवरून परतलेल्या इंजिनिअरला तिचा जुना प्रोजेक्ट परत मिळावा, अशी सोय आखणीत नसते. ती ‘बेंच’वर किंवा सपोर्टच्या कामावर जाते. पगार कापला जात नाही, म्हणून तक्रारही करता येत नाही. पण पुढच्या तीन वर्षांच्या वाढीचा दर बदललेला असतो. फार्मसीच्या उदाहरणातून शिकायचे तर इथे लागणारी गोष्ट अगदी साधी आहे : नीट लिहिलेला हँडओव्हर. काम एका माणसाच्या डोक्यात न राहता नोंदीत राहिले, तर कोणीही सहा महिने बाजूला होऊन परत येऊ शकते.

दर समान, पण सामने कमी : क्रिकेटचे उदाहरण

२७ ऑक्टोबर २०२२ रोजी बीसीसीआयने महिला आणि पुरुष क्रिकेटपटूंची मॅच फी समान केली. कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-२० ला ३ लाख. सांगलीच्या स्मृती मानधनालाही विराट कोहलीइतकीच मॅच फी. निर्णय मोठा होता. पण सर्वाधिक फी ज्या कसोटीला आहे, ती कसोटी महिलांच्या वाट्याला वर्षात एखाद-दुसरीच येते, कधी तीही येत नाही. फीचा दर बोर्ड एका बैठकीत समान करू शकते. सामन्यांचे वेळापत्रक समान करणे हे खरे खर्चाचे आणि नियोजनाचे काम आहे.

नवी वेतन संहिता काय म्हणते?

संहितेच्या कलम ३ नुसार एकाच मालकाकडे समान किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी लिंगाच्या आधारे वेतनात भेदभाव करता येत नाही. भरतीतही करता येत नाही. जुन्या कायद्यात ‘पुरुष’ आणि ‘महिला’ असे शब्द होते. आता ‘लिंग’ हा शब्द आल्याने तृतीयपंथी कामगारांनाही आधार मिळतो. आणि वेतन समान करण्यासाठी कोणाचे वेतन कमी करता येत नाही.

कळीचा शब्द आहे ‘समान स्वरूपाचे काम’. कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी असेल आणि असलेला फरक व्यवहारात महत्त्वाचा नसेल, तर ते काम समान स्वरूपाचे. त्यावरून वाद झाला तर सरकारने नेमलेले प्राधिकरण निर्णय देते.

हा वाद मुंबईतल्या एका खटल्यात पूर्वीच गाजला आहे. मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत ऑड्री डिकॉस्टा ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ होत्या. पुरुष स्टेनोग्राफरना जास्त पगार होता. १९७७ मध्ये नोकरी गेल्यावर त्यांनी ऑक्टोबर १९७५ पासूनच्या फरकाची मागणी केली. रक्कम होती सुमारे ७ हजार २०० रुपये. लेडी स्टेनोग्राफर हा वेगळा वर्ग आहे, शिवाय युनियनशी तसा करार झाला आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. सगळ्यांना समान पगार देण्याची कंपनीची ऐपत नाही, हाही मुद्दा होता. सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च १९८७ रोजी हे सगळे फेटाळले. कामाला वेगळे नाव देऊन तिथे फक्त महिलाच नेमल्या, म्हणून काम वेगळे होत नाही आणि ऐपत नसणे हा बचाव होऊ शकत नाही, असे या निकालातून स्पष्ट झाले.

हाच निकष कासेगाव परिसरातल्या द्राक्षबागेत लावून पाहा. छाटणीचे काम बहुतेक ठिकाणी पुरुषांच्या टोळ्या एकरावर ठेका घेऊन करतात. विरळणी, म्हणजे घडातले मणी कात्रीने कमी करणे, हे काम बाया रोजाने करतात. छाटणी चुकली तर हंगाम जातो, हे खरे. पण विरळणी चुकली तर मण्याचा आकार बिघडतो आणि निर्यातीचा माल लोकल बाजारात जातो. दोन्हींना नजर आणि सराव लागतो. मग एकाला ‘कसबी’ म्हणून ठेका आणि दुसरीला ‘बायकांचे काम’ म्हणून रोज, हा फरक कौशल्याचा आहे की सवयीचा? माझ्या मते बराचसा सवयीचा. पण कायद्यापुढे हे सिद्ध करायला दोन्ही कामांची लेखी व्याख्या हवी आणि बागेत ती कोणी लिहीत नाही.

इतर देशांनी काय केले?

आइसलँडने १ जानेवारी २०१८ पासून २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना समान वेतनाचे प्रमाणपत्र बंधनकारक केले. आपल्याकडे कारखान्यांच्या फाटकावर आयएसओची पाटी असते, साधारण तशीच ही पद्धत. कंपनीला आधी प्रत्येक पदाचे काम मांडावे लागते, त्याला गुण द्यावे लागतात आणि समान गुणांच्या कामांचे पगार समान आहेत हे तपासनिसाला दाखवावे लागते. तिथे तक्रार करण्याचा भार कर्मचाऱ्यावर नाही, पुरावा देण्याचा भार कंपनीवर आहे.

भारतात सेबीने पहिल्या १ हजार सूचीबद्ध कंपन्यांना अहवालात महिला-पुरुष कर्मचाऱ्यांचे मध्यम वेतन जाहीर करायला लावले आहे. हे चांगले पाऊल आहे. मात्र कोयता, बाग, विडीचे घर इथपर्यंत ते पोहोचत नाही. सोलापुरात घरोघरी विड्या वळणाऱ्या महिलांना हजारी दर मिळतो आणि ‘छाट’ म्हणून किती विड्या बाद करायच्या, हे ठेकेदार ठरवतो. तिथेही दर कागदावर एक आणि हातात एक.

आता कामगार महिलांनी काय पाहावे?

वेतन संहितेत तीन गोष्टी उपयोगाच्या आहेत. मालकाने, आणि यात ठेकेदारही येतो, वेतनाची पावती द्यायची आहे आणि कामगारांची नोंदवही ठेवायची आहे. कमी वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि दावा मान्य झाला तर मूळ रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे. वेतन पूर्ण दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची आहे.

ऊसतोडीच्या बाबतीत पहिली पायरी पावतीचीच आहे. कोयत्याऐवजी दोन माणसांची नावे, दोघांच्या खात्यात निम्मी-निम्मी रक्कम. यासाठी टनाचा दर एक रुपयानेही वाढवावा लागत नाही. कारखान्यांकडे आज प्रत्येक खेपेची, वजनकाट्याची आणि टोळीची संगणकीय नोंद असते. त्यात एक नाव वाढवणे तांत्रिकदृष्ट्या काहीच अवघड नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडील नोंदणी आणि ओळखपत्रांचा आधार त्यासाठी घेता येईल. अडचण वेगळी आहे. उचल नवऱ्याच्या नावावर असेल तर ती फेडायची कोणी, हा प्रश्न मुकादम लगेच विचारेल. म्हणून उचलीचा करारही दोघांच्या नावे लेखी व्हायला हवा.

वेळ मात्र कमी आहे. मजूर मिळत नाहीत म्हणून ऊसतोडणी यंत्रे वाढत आहेत आणि त्यांच्या खरेदीला सरकारी अनुदानही मिळते. यंत्रावर चालक आणि मदतनीस लागतात, ते आज जवळपास सगळे पुरुष आहेत. कोयता मोडेल तेव्हा नवऱ्याकडे निदान ‘दहा हंगामांचा तोडणी कामगार’ अशी ओळख असेल. बायकोच्या दहा हंगामांची नोंद कोणत्याच वहीत नसल्याने भरपाई, प्रशिक्षण किंवा पुनर्वसनाची योजना आली तरी तिला अर्ज कोणत्या पुराव्यावर करायचा, हे कारखान्यांनी आणि साखर आयुक्तालयाने पुढच्या हंगामाचे करार होण्याआधी ठरवावे लागेल.